मास्तरांची छाती आणि भट्टीचा धूर

हे ज्याने लिहिलं आहे त्याला मास्तर फारसे ठाऊक नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तो त्यांच्या बेकरीचा व्हॅनवाला. वर्षानुवर्षं रोज सकाळी बेकरीच्या मागच्या दाराला व्हॅन लावायची, पावाचे ट्रे चढवायचे आणि निघायचं, सुरुवातीला एवढाच संबंध. मास्तरांची पाठ त्याच्या चांगल्या ओळखीची होती, कारण भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाची पाठच दाराकडे असते. चेहरा त्या मानाने कमी. ते तरुणपणी कसे होते, एकटे असले की कसला विचार करायचे, यातलं त्याला काही सांगता येणार नाही. पुढे जे आलं आहे त्यातलं थोडं डोळ्यांनी पाहिलेलं, बरंचसं मास्तरांच्या बायकोने चहा देता देता सांगितलेलं, आणि उरलेलं मास्तरांनी स्वतः, तेही एकेक वाक्य, पुष्कळ दिवसांच्या अंतराने.

मास्तर गेल्याचं कळवायला त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, "काका, बाबा कामावर कसे होते हो? आम्हाला घरातलेच माहीत." त्याला फोनवर काही सुचलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहायची सवय नाही. मागचंपुढचं झालं असेल तर सांभाळून घ्यावं. व्हॅनवाला पुढे येईल तेव्हा व्हॅनवाला म्हणूनच येईल, त्याचं यात फारसं काम नाही.

बेकरी म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे दुकान, तिथे मालकीणबाई बसायच्या. मधे पिठाची खोली. मागे भट्टी आणि मागचं दार. भट्टी लाकडाची, जुनी, घुमटासारख्या पोटाची. तिच्यापुढे मास्तर. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर कच्चे पाव ठेवायचे, फळी आत सरकवायची आणि एका हिसक्यात मोकळी बाहेर काढायची, पाव जागच्या जागी. भट्टी किती तापली आहे हे बघायला ते उघडा हात तिच्या तोंडाशी धरत. त्यामुळे उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता. डावा हात मात्र अस्वलासारखा. पाव बाहेर आला की उलटा करायचा, बुडावर टिचकी मारायची, कान देऊन ऐकायचं आणि मग ट्रेमध्ये टाकायचा किंवा पुन्हा आत. टिचकी मारताना कुणी बोललं तर त्यांना खपत नसे.

मधल्या खोलीत पीठवाला होता. गोल, गोरा, त्यात वरून पिठाने आणखी गोरा झालेला, आणि तोंडाला विश्रांती नसलेला माणूस. पोती उघडणं, चाळणं, मशीनमध्ये पीठ मळणं आणि गोळे पाडणं हे त्याचं काम. मास्तरांच्या छातीत वाजायला लागलं ते पहिल्यांदा त्यानेच ऐकलं.

"मास्तर, मांजर पाळलंत की काय आत?" तो म्हणाला. "गुरगुरतंय नुसतं."

"सर्दी आहे," मास्तर म्हणाले.

सर्दी खरंच होती, आणि बरीच जुनी होती. कामाला लागलं की शिंका, डोळ्यांना खाज, नाकाला धार. पण पिठाच्या धंद्यात शिंकेला कोण विचारतो? तिथे सगळेच शिंकतात. मग कोरडा खोकला आला. मग संध्याकाळी घरी गेल्यावर छातीवर कुणीतरी उशी दाबून धरल्यासारखं व्हायला लागलं, आणि श्वासाबरोबर बारीक शिट्टी. काही दिवस अगदी ठीक, काही दिवस अगदी वाईट. मधे काही वाटत नसे, त्यामुळे ठीक असलेल्या दिवशी मास्तरांना वाईट दिवस खोटा वाटायचा.

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना दम लागतो हे कुणाला कळू नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक मजल्यावर थांबायचं, जे दार उघडं असेल तिथे डोकावायचं आणि एखादा प्रश्न विचारायचा. "मुलाची परीक्षा कशी झाली?" "गुडघा काय म्हणतो?" समोरचा सांगत बसला की यांना उभ्या उभ्या दम खायला वेळ मिळे. मान हलवत ऐकायचं, बोलायचं नाही. आयुष्यभर कुणाशी दोन शब्द न बोललेला हा माणूस वर्षभरात इमारतीत सगळ्यांना आवडायला लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तर मास्तरांच्या बायकोला म्हणाल्या, "तुझा नवरा काय सुधारलाय गं उतारवयात. किती आपुलकीने ऐकून घेतो."

"हो ना," बायको म्हणाली. पण तिला संशय आला, कारण घरात आल्यावर हाच आपुलकीचा माणूस खुर्चीच्या कडेला बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानाशी नेऊन, आणि बराच वेळ तिच्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नसे.

तिने आपल्या परीने शोध सुरू केला. पडदे धुतले. उशा उन्हात टाकल्या. गॅलरीत येणाऱ्या शेजारच्या मांजराचं येणं बंद केलं. मग तिची थोरली बहीण आली, तिला सगळ्या आजारांतलं कळायचं.

"हा दमा आहे," थोरली म्हणाली. "माझ्या सासऱ्यांना होता. केळं बंद केलं आणि गेले."

"कोण गेलं?" मास्तरांनी विचारलं.

"सासरे. पण ते केळ्यामुळे नव्हे. त्यांचं वयच झालं होतं."

मास्तरांनी केळं बंद केलं नाही. दमा हा शब्दही त्यांना पटला नाही. दमा म्हणजे म्हाताऱ्यांचा, खाटेवर बसून रात्र काढणाऱ्यांचा आजार, अशी त्यांची समजूत. आपल्याला सर्दी आहे आणि ती खाली उतरली आहे, एवढंच ते मानायचे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणायची, ती संपली की दुसरी.

अशात भट्टीच्या आतल्या विटा फुटल्या. घुमटाचा एक तुकडा निखळून पावांवर पडला, तेव्हा मालकीणबाईंनी बेकरी बंद ठेवून गवंडी बोलावला. जुन्या विटा काढायच्या, नव्या बसवायच्या, मग मंद आचेवर भट्टी हळूहळू सुकवायची, असं लांबलेलं काम. मास्तरांना इतकी सलग सुट्टी कधी मिळालीच नव्हती.

आणि सुट्टीत मास्तर बरे झाले. आधी शिंका थांबल्या, मग खोकला. आठवड्याच्या शेवटी ते बाजारातून दोन पिशव्या घेऊन तिन्ही मजले एका दमात चढून आले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दार उघडून तयारीत उभ्या होत्या, त्यांच्याकडे नुसतं हसून हे वर. आजींना ते लागलं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी बायकोला समोर बसवलं. त्यांना जन्मात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीचा छडा लागला होता, आणि तो त्यांना सावकाश सांगायचा होता.

"मी बरा कधी झालो?"

"आत्ता. सुट्टीत."

"सुट्टीत काय बंद होतं?"

"तुमचं काम."

"काम नाही. भट्टी. भट्टी बंद, छाती मोकळी. धूर, समजलीस? इतकी वर्षं धूर खाल्लाय मी."

तिलाही पटलं. कुणालाही पटलं असतं. धूर काळा असतो, डोळ्यांना झोंबतो, भिंती काळ्या करतो. छातीचं काय करत असेल ते वेगळं सांगायला नको. भट्टी पुन्हा पेटल्यावर काही दिवसांतच छातीतली शिट्टी परत आली, तेव्हा तर शंकाच उरली नाही. मास्तरांनी नाकातोंडावर ओला फडका बांधून पाहिला. थोडं बरं वाटलं. म्हणजे धूरच.

मग त्यांनी जे केलं ते करायला त्यांना किती जड गेलं असेल, हे व्हॅनवाल्याला पुष्कळ उशिरा कळलं. ते मालकीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, "मला भट्टीवरून काढा. पीठवाल्याला भट्टी द्या, मी पीठ मळतो."

मालकीणबाई हातातलं काम सोडून बघतच राहिल्या. "मास्तर, तुम्ही भट्टी सोडणार? मग मास्तर म्हणायचं कुणाला?"

"मलाच म्हणा. ते राहू दे."

पीठवाल्याची तर गाळण उडाली. "माझ्या हातून पाव जळले तर?"

"जळले तर काळे दिसतील," मास्तर म्हणाले. "काळे दिसायच्या आत काढायचे, एवढंच काम आहे."

तर मास्तर मधल्या खोलीत आले. या खोलीची खिडकी कधी उघडत नसत. मळलेल्या पिठाच्या गोळ्यांना वारा लागला की वर कोरडी साय धरते आणि पाव फाटतो, म्हणून खिडकी बंद आणि दोन्ही दारं लोटलेली. पोत्याचं तोंड उघडून मशीनमध्ये रिकामं केलं की पांढरा ढग वर येई आणि सावकाश खाली बसे, डोक्यावर, भुवयांवर, फळ्यांवर. गोळे चिकटू नयेत म्हणून टेबलावर पिठी भुरभुरायची. ती हात उंच करून, ऐटीत उधळायची, ही पीठवाल्याची पद्धत मास्तरांनीही उचलली. मास्तरांना ही खोली स्वच्छ वाटली. इथे काळं काही नव्हतं. पीठ म्हणजे पोटात जाणारी वस्तू, तिचं काय भय? पहिल्याच दिवशी त्यांनी नाकावरचा ओला फडका सोडून खुंटीला लावला.

दोन-तीन आठवडेही नीट गेले नाहीत. खोकल्याची उबळ आली की ती थांबेना. आता वाजण्याचा आवाज भट्टीपाशी उभ्या असलेल्या पीठवाल्याला दारातून ऐकू यायचा. पण मास्तर अडकले होते. बदल त्यांनीच मागितला होता. त्याने बिघडलं असं म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? त्यांनी आणखी एक खुलासा शोधून काढला. म्हणाले, छातीत जुना धूर साठला आहे, तो आता बाहेर पडतोय. धुराडं साफ करताना आधी काजळी पडतेच.

"पडू दे," पीठवाला म्हणाला, "पण धुराडं उभं राहिलं पाहिजे ना."

एका दुपारी व्हॅनवाला दुसऱ्या खेपेसाठी आला तेव्हा मागच्या दारात कुणीच नव्हतं. मधल्या खोलीत मास्तर उलट्या ट्रेवर बसले होते. हात गुडघ्यांवर, मान पुढे, ओठ निळसर. गळ्याजवळची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. समोर पीठवाला दुसऱ्या ट्रेने वारा घालत होता, आणि त्या वाऱ्याने टेबलावरची सगळी पिठी उडून मास्तरांच्या तोंडावर येत होती.

"मास्तर, मोठा श्वास घ्या," पीठवाला सांगत होता. "घ्या मोठा. आणखी."

मास्तर तेच करत होते. श्वासावर श्वास घेत होते. मधे एकेक शब्द बाहेर पडत होता. "जागा," असं म्हणाले. पुन्हा, "जागा नाही." पीठवाल्याला वाटलं बसायला जागा नाही म्हणतात, त्याने पोती सरकवली.

व्हॅनवाल्याने त्यांना काखेत धरून व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातल्या नर्सबाई भलत्याच कडक होत्या. मास्तरांना त्यांनी आडवं होऊ दिलं नाही. तोंडावर वाफेचा मास्क लावला, औषधाची वाफ त्यातून येऊ लागली, आणि त्या म्हणाल्या, "आत घ्यायचं पुरे झालं. आता सोडा. गरम चहावर फुंकर घालतात तशी, हळू. आणखी सोडा. सगळा सोडायच्या आत पुढचा घ्यायचा नाही." हे मास्तरांना नवीन होतं. आतापर्यंत सगळ्यांनी घ्या म्हणून सांगितलं होतं.

बऱ्याच वेळाने खांदे खाली आले. बायको आली, मग डॉक्टरीणबाई आल्या. वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या. त्यांनी छाती ऐकली, पाठ ऐकली, आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

"काका, हा दमा आहे."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. बायको थोरल्या बहिणीच्या आठवणीने जमिनीकडे बघत होती.

"दमा म्हणजे छातीत हवा जात नाही असं सगळ्यांना वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हवा जाते. बाहेर यायला अडते." गळ्यातल्या स्टेथोस्कोपची रबरी नळी त्यांनी दोन बोटांत धरली. "फुप्फुसात अशा नळ्या असतात, झाडाच्या फांद्यांसारख्या, बारीक बारीक होत गेलेल्या. दम्यात त्यांचं आतलं अस्तर सुजतं. वरून भोवतीचे स्नायू आवळतात. आणि आत चिकट बेडका साठतो. म्हणजे नळी तिन्हीकडून अरुंद." त्यांनी नळी चिमटली. "श्वास घेताना छाती फुगते तेव्हा नळ्याही जराशा ताणल्या जातात, म्हणून हवा आत शिरते. सोडताना त्या आणखी मिटतात. जुनी हवा आत राहते, आणि तिच्यावर तुम्ही नवी भरत राहता."

"जागा नव्हती," मास्तर म्हणाले.

"बरोबर. जागाच नव्हती. ती शिट्टी वाजते ना, ती त्या अरुंद नळीतून हवा जातानाची."

मग त्यांनी काम काय करता म्हणून विचारलं. सुट्टीत बरं वाटतं का, हेही विचारलं. मास्तरांना हुरूप आला. मास्क बाजूला करून त्यांनी भट्टीची सगळी हकिगत सांगितली: विटा, गवंडी, सुट्टी, एका दमात चढलेले तीन मजले आणि धुराचा लागलेला छडा. डॉक्टरीणबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"भट्टी बंद होती तेव्हा पीठ कोण मळत होतं?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी हातातला मास्क उलटसुलट करून बघितला. व्हॅनवाला दाराशी उभा होता. त्याला मास्तरांचा चेहरा बराच वेळ सलग बघायला मिळाला तो पहिल्यांदा तेव्हाच.

"कुणी नाही," मास्तर अखेर म्हणाले. "भट्टी नाही तर पीठ कशाला मळतील?"

"आणि पिठाच्या खोलीत गेल्यावर कमी झालं की वाढलं?"

"वाढलं," बायको म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने कोर्टात साक्ष फिरवली.

"धूर चांगला असं मी म्हणत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चिडलेल्या नळीला धूर, थंड हवा, अत्तराचा वास, काहीही त्रास देतं. फडक्याने बरं वाटलं ते धूर अडला म्हणून असेल, पीठ अडलं म्हणूनही असेल. पण मूळ पीठ दिसतंय."

"अहो, जन्म गेला माझा पिठात."

"म्हणूनच. पहिल्या दिवशी कुणाला होत नाही. शरीर वर्षानुवर्षं सोसतं, आणि मग एखाद्याच्या शरीराला ती गोष्ट शत्रू वाटायला लागते. एकदा वाटली की ते विसरत नाही. सगळ्यांना नाही होत. तुम्हाला झालं."

"पीठवाल्याला काही नाही होत. तो पिठात लोळतो."

"त्याचं नशीब."

मास्तरांनी थोडा विचार केला. "म्हणजे पाव खायचा नाही?"

"खा की. भाजलेला पाव पोटात गेला तर बहुतेकांना काही होत नाही. कोरडं पीठ श्वासात जायला नको." मग त्या म्हणाल्या, "काम बदलता आलं तर बदला, काका. जितकं लवकर तितकं बरं."

खरा प्रश्न तो होता. मास्तरांना दुसरं काही येत नव्हतं, आणि यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. औषधाची त्यांना भीती नव्हती, मरणाचीही फारशी नसावी. भट्टी सुटते की राहते, एवढंच त्यांच्यापुढे होतं. एकदा ती त्यांनी आपण होऊन, चुकीच्या समजुतीने सोडली होती. आता ती परत हवी होती.

डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिले. एक त्रास झाला की ओढायचा, लगेच नळी मोकळी करणारा. दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ, त्रास असो वा नसो, आतली सूज उतरवणारा. तो घेतल्यावर चूळ भरायची. मास्तरांचं पहिल्याशी लगेच जमलं. दुसरा त्यांना फसवा वाटला.

"याने काहीच होत नाही," ते बायकोला म्हणाले आणि चार दिवसांत त्यांनी तो कपाटात ठेवून दिला. शिवाय पंपाची सवय लागते, असं पीठवाल्याने सांगितलं होतं.

"भट्टीतली राख रोज काढता ना?" बायकोने विचारलं. "काढल्यावर काय होतं?"

"काही नाही होत."

"आणि नाही काढली तर?"

मास्तर उठले आणि पंप कपाटातून काढून आणला. त्यांच्या बायकोला संसारात एवढा सरळ विजय दुसरा मिळाला नसावा. ती हे सांगताना दर वेळी कपात थोडा जास्त चहा ओतायची.

आणखी एक वस्तू मिळाली होती. फुंकर मारायची नळी, तिच्यावर आकडे आणि सरकणारा काटा. भरपूर श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात फुंकायचा; नळ्या मोकळ्या असतील तितका काटा पुढे जातो. चांगल्या दिवशी काटा जिथे पोचला तिथे बायकोने चिकटपट्टीचा तुकडा लावला. काटा पट्टीच्या फार खाली राहिला तर कामाने बिघडतंय असं समजायचं.

मालकीणबाईंनी मास्तरांना भट्टी परत दिली आणि त्यांच्यासाठी सगळी बेकरीच फिरवली म्हणा ना. झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसायचं. पोतं मशीनच्या आत खाली धरून सावकाश सोडायचं. टेबलावर पिठीऐवजी तेलाचा हात. मधलं दार बंद आणि खिडकी दुपारभर उघडी. पीठवाला कुरकुरला, "ही बेकरी आहे की ऑपरेशनची खोली?" पण केलं त्याने सगळं. मास्तर नाकावर चांगला मास्क लावून भट्टीसमोर उभे राहिले, आणि व्हॅनवाल्याला ती ओळखीची पाठ पुन्हा दिसली. त्या दिवशीचे पाव बघण्यासारखे होते.

काही दिवस काटा पट्टीपाशी राहिला. मग थोडा खाली. सुट्टीच्या दिवशी वर, कामाच्या दिवशी खाली. तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा धरायचा असं सांगितलेलं होतं. मास्तर तीनावर थांबेनात. स्वयंपाकघरात बायको ऐकत असायची: फुंकर, थोडी शांतता, फुंकर, मग खोकला, मग पुन्हा फुंकर.

"अहो, पुरे," ती एकदा बाहेर येऊन म्हणाली. "काटा तुमच्या हट्टाने वर जाणार आहे का?"

मास्तरांनी नळी खाली ठेवली. भट्टीच्या खोलीतसुद्धा पीठ होतंच. कच्च्या पावांना लागलेलं, फळीवर सांडलेलं, पीठवाल्याच्या कपड्यांवरून आलेलं. दुसऱ्याला दिसणार नाही एवढं. पण त्यांच्या छातीला एवढंसंही पुरत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मालकीणबाईंना सांगितलं. फार बोलले नाहीत. मालकीणबाईंनी दुकानात बसता का विचारलं. पण दुकान म्हणजे पिठाच्या खोलीला लागूनच, आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे तर त्याहून अवघड. शेवटी त्या म्हणाल्या, "व्हॅनवर जा. तिथे माणूस लागतोच."

व्हॅनवाल्याला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो आला तर मास्तर अंगणात, मागच्या दारापासून चार हात लांब, शर्टाच्या खिशात पंप ठेवून उभे. भट्टी पुन्हा पीठवाल्याकडे आली होती. ट्रे त्याने दारापर्यंत आणून द्यायचे आणि यांनी चढवायचे, असं ठरलं होतं.

पहिले काही महिने दोघं न बोलता फिरले. मास्तर दुकानात ट्रे उतरवताना एखादा पाव उचलत, बुडावर टिचकी मारत, ऐकत आणि काही न बोलता ठेवून देत. पीठवाल्याचे पाव बरे होते; मास्तरांचे नव्हते. मग एके दिवशी गाडी सिग्नलला थांबलेली असताना ते अचानक म्हणाले, "त्याला सांग, डाव्या कोपऱ्यात आच जास्त आहे. तिथले आधी काढ म्हणावं."

व्हॅनवाल्याने निरोप दिला. पीठवाला म्हणाला, "त्यांना म्हणावं, एवढं कळतंय तर या आणि दाखवा." हा निरोप व्हॅनवाल्याने दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी डाव्या कोपऱ्यातले पाव बरोबर निघाले होते. मग रोज एखादा निरोप जाऊ लागला. लाकूड ओलं आहे. आज घाई केलीस. आज ठीक. पुढे पुढे पीठवाला स्वतःच पहिल्या घाण्यातला एक पाव घेऊन अंगणात यायचा, कपडे झटकून, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा राहून. मास्तर टिचकी मारायचे. पीठवाला तेवढा वेळ तोंड बंद ठेवायचा, आणि हे त्याच्याकडून दुसऱ्या कुणाला करून घेता आलं नसतं.

मास्तरांचा काटा पट्टीच्या वर गेला. पूर्ण बरे झाले असं नाही. थंडीत, सर्दी झाली की पंप जास्त लागायचा, आणि रोजचा पंप त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. जिना मात्र चढता यायचा. तरी ते दुसऱ्या मजल्यावर थांबायचे. आजींचा गुडघा खरंच वाईट होता.

ते सुखी होते का, हे व्हॅनवाल्याला माहीत नाही. कधी विचारलं नाही. परतताना भट्टीच्या धुराड्यातून धूर दिसला की ते काच खाली करून बघत. त्याचा रंग बघत असावेत.

पुढे मुलीने दोघांना आपल्याकडे, दुसऱ्या शहरात बोलावून घेतलं. तिथे ते बरीच वर्षं राहिले. गेले ते वयाने. छातीचं काही नव्हतं, असं मुलीने मुद्दाम सांगितलं.

मुलीकडे जायच्या आदल्या दिवशी ते नेहमीसारखे व्हॅनवर आले होते. निरोपाचं असं काही झालं नाही. शेवटच्या दुकानापाशी व्हॅनवाल्याने मागचं दार उघडलं आणि वरच्या खणातल्या ट्रेला हात घातला.

"वरचे राहू दे," मास्तर म्हणाले. "अजून गरम आहेत, तळाशी गेले तर दबतील. खालचे काढ आधी."

"बरं," व्हॅनवाला म्हणाला, आणि त्याने खालचे काढले.